काळ्या साळीचे वाफे

झरी, ५ जुलै २०२५

दादा,

तू बरा असशीलच, म्हणून ते विचारत नाही. मला ब्लॉक केलंयस. आयच्या फोनवरून लावला तर माझा आवाज ऐकून कट करतोस. राहिलं काय, तर पत्र. मुकेशची जीप रोज झरीहून अच्छाडला जाते आणि तू ट्रकचे टायर काढत बसतोस त्याच्या शेजारच्याच ढाब्यावर तो चहाला थांबतो. तो तुझ्या हातात देईल. फाडायचं असेल तर वाचून फाड.

मला एकच गोष्ट हवी आहे. तू नेमकं काय केलंस ते सांग.

"मीच केलं, काय करायचं ते कर," एवढं बोलून बांधावरून उतरलास आणि चालू पडलास. तेही दक्षा मॅडमसमोर! माझी गाइड पहिल्यांदा आपल्या शेतात आली आणि माझ्या भावाने हे असे दिवे लावले. आय चहाची किटली घेऊन येत होती, तिला वाटलं जमिनीवरून वाजलं आपलं. अजून तेच वाटतंय. मी काही सांगितलेलं नाही. तिला काय सांगू? की तुझ्या पोराने तुझ्या पोरीचं वाटोळं केलं?

तू म्हणशील, चार रोपांसाठी एवढं काय. म्हणून परत एकदा ऐक, तू कधी धड ऐकलंच नाहीस. पाणी तुंबलं की भाताची रोपं कुजतात. कुठलं भात पाण्याखाली तग धरतं ते शोधणं हे माझं पीएच.डी.चं काम. त्यासाठी बाबांच्या खालच्या खाचरात वाफे पाडले. काहींत आपली काळी साळ, काहींत सरकारी वाण. लावणी झाली की बांध अडवायचा, रोपं बुडवून ठेवायची, दहा-बारा दिवसांनी पाणी सोडायचं आणि काही दिवस थांबून किती मेली, किती जगली ते मोजायचं. बस. गेल्या वर्षी सरकारी वाण निम्म्याहून जास्त मेलं आणि आपली काळी साळ जवळजवळ सगळी उभी! मी चिखलात नाचले होते, आठवतं? तूही हसला होतास.

त्यावर मी पेपर लिहिला. मॅडमनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली. आणि या उन्हाळ्यात संस्थेच्या टाक्यांत तेच बी, तेवढंच पाणी, आणि काळी साळ सरकारी वाणासारखीच कुजली. परत लावली, परत कुजली. आता मॅडम म्हणतात, शेतात काहीतरी झालंय. काय झालं ते लेखी दे. नाहीतर पेपर मागे घेताना कारण म्हणून 'लबाडी' लिहावं लागेल. मग फेलोशिप बंद, पीएच.डी. बंद. लबाड म्हणून एकदा शिक्का बसला की कुठलीच लॅब दारात उभी करत नाही, दादा. झरीची पोरगी म्हणून आधीच मला दोनदा विचारतात, हे तूच केलंस का.

गेल्या वर्षी पाणी सोडल्यावर मी फेलोशिपच्या मुलाखतीला गेले होते. त्या दिवसांत वाफ्यांवर तू होतास. आणि तूच म्हणतोस की तू केलंस. मग कसं, ते सांग ना! त्याआधी मी झोपलेली असताना चोरून पाणी सोडलंस? बी बदललंस? मला राहून राहून एका गोष्टीचा संशय येतो. माझं काम बिघडवायचं असतं तर तू रोपं मारली असतीस. तू ती जगवलीस. म्हणजे आधी मला डोक्यावर चढवायचं आणि मग सगळ्यांसमोर आपटायचं, असं होतं का मनात? खालचं खाचर तीन वर्षं माझ्या वाफ्यांखाली अडकलंय, त्याचा राग?

कर काय ते, पण लिहून पाठव. मुकेशकडे दे.

रुचिका


डहाणू, १८ जुलै

दादा,

झेरॉक्सवाल्याकडे बसलेय. गेल्या वर्षीचे शेतातले फोटो मोठे करून छापायला दिलेत, त्याचं मशीन तापलंय म्हणे. तोवर तुझं डोकं खाते.

मुकेश सांगत होता, पत्र वाचलंस, घडी करून खिशात ठेवलंस आणि विचारलंस, "आय कशी आहे?" रुचिका कशी आहे, ते नाही. बरं. काल मी स्वतः आले अच्छाडला. तू मला बघून ट्रकखाली घुसलास. दादा, तुझे पाय बाहेर होते. बाबांची पट्ट्याची चप्पल मी ओळखणार नाही का? तो ढाबेवाला पण लबाड, मला तोंडावर म्हणतो, "नितीनभाई तो वापी गया है." नितीनभाई चाकाच्या मागून ऐकत होते. मी हसले नाही, हसू येत होतं तरी. नंतर जीपमध्ये रडले, तेही मुकेशने बघितलं असणार, आणि तेही तुला कळलं असणार.

चोर नसलेला माणूस असा लपतो का?

मला आता मनीषचाही संशय येतोय. लॅबमधला माझा जोडीदार, तो गेल्या वर्षी आपल्याकडे राहायला आला होता. तुझी आणि त्याची एवढी गट्टी कशी जमली? दोघं खेकडे पकडायला काय जायचात, कुडाच्या मागे काय बोलायचात! मी आले की गप्प. त्याचं काम दुसऱ्या वाणावर आहे. माझी काळी साळ खोटी ठरली तर त्याचं वाण पुढे, मग टाक्यांचं बी त्यानेच बदललं नसेल कशावरून? त्याला फोन केला. तो म्हणतो, "रुचिका, तू वेडी झालीयेस. आम्ही तुझ्या लग्नाबद्दल बोलत होतो, तुझ्या भावाला काळजी होती." मोठी आली काळजी! मी त्याला नाही नाही ते बोलले.

पण एक गोष्ट माझ्या विरुद्ध जाते, म्हणून तीही सांगते. टाक्यांसाठी नेलेलं बी आयने स्वतः बांधलं होतं. जुन्या लुगड्याची चिंधी आणि तिची ती उलटी गाठ, जी तिच्याशिवाय कुणाला सुटत नाही. मी ती दातांनी सोडली. गाठ कुणी उकललेली नव्हती. म्हणजे बी खरं होतं आणि मनीष सुटला. त्याची माफी मागायची आहे. मागेन. आधी तुझं होऊ दे.

मॅडमनी मुदत वाढवलीय, ऑगस्ट अखेरपर्यंत. म्हणाल्या, या वर्षी तेच वाफे परत लाव, मी पाणी उतरल्यावर स्वतः बघायला येते. तोवर हललेलं एक पान मला चालणार नाही.

म्हणून या वर्षी मी मुक्काम हलवत नाही. बांधातल्या मोरीच्या तोंडाशी दगड रचून वर चुन्याची रेघ ओढणार आहे. कुणी दगड सरकवला की रेघ मोडेल. तुझ्या कानावर असू दे.

फोटो आले. बघते.

रुचिका


झरी, ७ ऑगस्ट

दादा,

पाणी चढलंय. रोपं पूर्ण खाली गेलीत, वरून नुसतं आभाळ दिसतं. चुन्याची रेघ जागेवर आहे. मला मात्र या घरातल्या कुणावर विश्वास राहिला नाही, हे सांगायला लिहितेय.

आय काहीतरी लपवतेय. ती दर दोन दिवसांनी विचारते, "पानी कधी सोडनार?" आजवर तिने माझ्या कामातलं काही विचारलं होतं का? पेपर छापून आला तेव्हा तिने त्यावर पापड वाळत घातले होते. आणि आता पाण्याची चौकशी! ठकी काकी रोज येते, दोघी पाट्याशी बसून कुजबुजतात. परवा सायवनहून पुतळी मावशी आली, बोलावलं नव्हतं कुणी. मी विचारलं, मावशी काय काम काढलंत? तर म्हणते, "तुझ्या आयला बघाया आले." आय ठणठणीत आहे. कुठेतरी पाणी मुरतंय, दादा, आणि ते माझ्या खाचरात नाही.

मला वाटतं आय तुझे निरोप आणते-पोचवते. तू तिला फितवलंयस. काल वरच्या खाचराच्या कोपऱ्यात काळ्या साळीच्या रोपांच्या जुड्या चिखलात टोचून ठेवलेल्या दिसल्या. लावणी केव्हाच आटपलीय, मग या कशाला? आय म्हणाली, "राहू दे, असाव्या." माझ्या डोळ्याला डोळा नाही दिला.

आता फोटोंचं. हे मात्र नीट वाच.

गेल्या वर्षीचे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले. एक पाणी चढवायच्या आधीचा, एक मी मुलाखतीहून परत आल्यावरचा. वाफा तोच, खुणेची काठी तीच. मी लावते तेव्हा एका ठिकाणी दोनच रोपं लावते, कामाची रीत आहे ती. आधीच्या फोटोत सगळीकडे दोन-दोन. नंतरच्या फोटोत मध्येच कुठे कुठे चार-पाच रोपांचे झुबके. म्हणजे जगली ती रोपं माझी नव्हतीच. मेली तिथे कुणीतरी नवी खोवली. नांग्या भरल्या, एकही मोकळी जागा ठेवली नाही.

वर्षभर मी त्या झुबक्यांकडे बघत होते आणि मला दिसलं नाही, कारण मला बघायचंच नव्हतं. उभी काळी साळ बघितली आणि आनंदाने डोळे गेले माझे.

पण दादा, तो मागचा फोटो मी भिंगाखाली धरला. एक झुबका तिरका नाही, एक तरंगलेला नाही. सगळे अंगठ्याने नीट दाबलेले. आणि तू? तुझं रोप दुसऱ्या दिवशी तरंगत येतं! बाबा तुला हसून म्हणायचे, "नित्या, तू नांगर धर, लावू नको." अख्ख्या पाड्यात तुझ्या हातची लावणी कुणी घेत नाही. तू जन्मात एवढं सुरेख लावू शकणार नाहीस.

म्हणजे तू खोटं बोललास. "मीच केलं" हे खोटं. मग कुणाला पाठीशी घालतोयस? त्याला का वाचवायचं, आणि मला का बुडवायचं?

आधी तू केलंस म्हणून राग होता. आता तू नाही केलंस म्हणून जास्त राग आहे. याच्यावर तरी उत्तर दे.

रुचिका


झरी, १९ ऑगस्ट

दादा,

पकडलं.

परवा पाणी सोडलं. काल सकाळी सगळ्यांच्या देखत पिशवी घेतली, आयला म्हटलं डहाणूला जाऊन येते, संध्याकाळ होईल. मुकेशच्या जीपमध्ये बसले आणि फाट्यावर उतरले. मुकेशने विचारलं, "काय ग, भांडण झालं का?" मी म्हटलं, होणार आहे. तिथून ओढ्याच्या कडेने परत आले आणि आपल्या आंब्याआड उभी राहिले. लाज वाटत होती. स्वतःच्या घरावर पाळत ठेवायची वेळ आली!

फार वेळ उभं राहावं लागलं नाही. आधी ठकी काकी आली, मग पुतळी मावशी, आणि शेवटी आय. कोपऱ्यातल्या जुड्या काखेत मारून, लुगडी खोचून तिघी वाफ्यांत उतरल्या. हसत, गप्पा मारत, कुणाच्या तरी विहीणबाईची टिंगल करत. चोरी करतोय असं तोंडावर काही नाही! आयने वाकून पहिलं रोप टेकवलं, अंगठ्याने दाबलं.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. धावत जाऊन ते रोप उपटलं. आणि दादा, आयने काय केलं असेल? रोपाच्या जागी पडलेल्या भोकावर स्वतःचा तळवा ठेवला. झाकून धरलं. मी म्हणत होते, हात काढ, आणि ती म्हणत होती, "नको पोरी, उघडं नको ठेवू, उघडं नको ठेवू." मी तिला इतकं घाबरलेलं बाबांच्या आजारातही बघितलं नव्हतं.

मग बांधावर बसून तिने सांगितलं. तुला हे सगळं माहीत आहे, तरी तिच्या शब्दांत लिहिते.

"काळी साळ आपल्या घरची. तिच्यात नांगी उघडी रायली का घरातला मानूस जातो. तुझा बाप गेला त्या वरसाला मी वलसाडला दवाखान्यात त्याच्या उशाशी होते. नांग्या कोन भरील? तशाच रायल्या. भात झालं, तो नाय आला घरी."

मी विचारलं, मग सरकारी वाणाच्या नांग्या का नाही भरल्यास?

"त्या सरकारच्या. सरकार भरील."

दादा, मी हसले की रडले मलाच कळलं नाही. गेल्या वर्षी काळी साळ उभी आणि सरकारी वाण मेलेलं, त्याचं सगळं शास्त्र हे एवढंच! मी त्यावर पेपर लिहिला. मॅडमनी सही केली. आपली काळी साळ काही जगावेगळी नाही, ती पण इतरांसारखीच मरते. फक्त तिला आय आहे.

मी म्हटलं, आये, मला मेलेलीच मोजायची असतात. ती म्हणाली, "येवढं शिकून मेलेलं मोजाया लावतात तुला?" काय सांगणार? हो, लावतात. आणि मला ते काम आवडतं. जगातलं दुसरं कुठलंच काम मला नको आहे.

मग ती अगदी सहज म्हणाली, "नितीननं बघितलेलं ना गेल्या वरसाला आमाला. तो म्हनला, आये, भर काय ते, पन तिच्या काठ्यांना धक्का नको लावू."

काठ्यांना धक्का नको लावू! वा रे भाऊ! माझ्या वाफ्यांची राखण करत होतास तू. एक काठी हलली नाही, आणि सगळं शेत बदललं.

तेव्हा कळलं मला. त्या दिवशी बांधावर मी मॅडमसमोर ओरडले होते की ज्याने हात लावला त्याचं मी तोंड बघणार नाही. तू माझ्या मागे बघितलंस. मागून आय किटली घेऊन येत होती. आणि तू म्हणालास, मीच केलं.

मला कानात सांगता आलं नसतं का रे? एवढी का मी राक्षसीण, की आयचं तोंड बघायचं बंद करेन? पण तुझंही खरं, त्या दिवशी माझं तोंड बघून कुणालाही तसंच वाटलं असतं.

आयला मी सांगून टाकलं तू का गेलास ते. लपवायचं नव्हतं आता काही. ती चिखलातच बसली. ठकी काकीने उठवलं तिला.

मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे मी कमिटीला सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही. पण या वर्षी नांग्या आहेत तशा दिसल्या आणि आकडे टाक्यांशी जुळले, तर मी लिहीन की चूक झाली, लबाडी नाही." पेपर जाणार तो जाणारच. मी मात्र राहीन. शुक्रवारी येतायत. तोवर नांग्या उघड्या राहायला हव्यात. सगळं त्यावर आहे.

रु.


झरी, २० ऑगस्ट

दादा,

कालचं पत्र द्यायच्या आधी हे जोडतेय. मुकेश हॉर्न वाजवतोय.

आय सकाळपासून बांधावर बसलीय. रात्रीचं काही खाल्लं नाही. वाफ्यांकडे पाठ करून बसते, मग वळून बघते, मग परत पाठ करते. आता नांग्या चांगल्याच दिसतात, काळ्या साळीतही सरकारी वाणाएवढ्याच. माझ्या डोळ्यांना त्या आकडे दिसतात. तिच्या डोळ्यांना काय दिसतं ते मी काल पाहिलं.

तिने जुड्या ओढ्यात सोडायचं कबूल केलं होतं. सोडल्या नाहीत. पदराखाली धरून बसलीय. मी जवळ गेले, म्हटलं, आये, तुझं कुणी कुठे जात नाही, मी ही अशी समोर आहे. ती म्हणाली, "तू हायेस. तो कुठं हाय? दिवसभर त्या टरकांच्या खाली घुसतो. आन् मी नांग्या उघड्या टाकून बसू?"

मी तिच्या हातातून जुड्या ओढून घेऊ शकते, पण दादा, शुक्रवारपर्यंत मी तिचे हात धरून बसू शकत नाही. आणि मला धरायचेही नाहीत.

शेवटी तिनेच तोड काढली. म्हणाली, "नांग्या ऱ्हाऊ दे तुझ्या. मॅडम मोजून जाईपर्यंत हात नाय लावत. पन नितीनला माझ्या डोळ्यांसमोर बशीव. मला तो दिसत ऱ्हायला पायजे."

मी रागावले होते, संशय घेतला, ट्रकखालून ओढून काढायला आले होते. त्याचं काय ते तू घरी येऊन मला ऐकव, मी गुमान ऐकेन. तुझ्यासाठी बांधावर आयशेजारी गोणपाट टाकलंय. लावणीला तुला हात लावू देणार नाही, तू नुसता बस.

मुकेशला सांगितलंय, पुढची सीट तुझी. जीप रिकामी परत पाठवू नकोस.

रुचिका